काडतुसाची पुनर्भरणी : घरगुती श्रम, कारखान्याचे उत्पादन आणि महाराष्ट्रातील वास्तव

प्रस्तावना

राष्ट्रीय छात्र सेनेच्या नेमबाजी सरावास ज्या प्राध्यापकांनी कधी हजेरी लावली असेल, त्यांनी एक दृश्य निश्चितच पाहिले असेल. गोळीबार संपला की छात्र खाली वाकून पितळेच्या इवल्याशा रिकाम्या पुंगळ्या वेचतात, त्या मोजल्या जातात, दिलेल्या काडतुसांच्या संख्येशी त्यांचा ताळा जुळविला जातो आणि मगच मंडळींना रजा मिळते. अशा वेळी एखादा चौकस विद्यार्थी हमखास विचारतो, की ही धडधाकट दिसणारी पुंगळी पुन्हा का भरता येत नाही? अमेरिकेत तर लोक घरी बसून काडतुसे भरतात, असेही तो ऐकून असतो. प्रश्न बाळबोध वाटला तरी त्यात धातुशास्त्र, अर्थशास्त्र, विधिशास्त्र आणि थोडासा इतिहास अशा चार विद्याशाखा गुंतलेल्या आहेत. म्हणूनच त्याचा विचार येथे काहीशा विस्ताराने करण्याचे योजिले आहे.

वापरलेल्या काडतुसाच्या पुंगळीत नवे प्रायमर, नवी दारू आणि नवी गोळी बसवून ते पुन्हा उपयोगात आणणे म्हणजे पुनर्भरणी. ती फायद्याची की कारखान्यातून आलेले तयार काडतूस विकत घेणे फायद्याचे, असा वाद परदेशांतील नेमबाजांमध्ये अनेक पिढ्या चालत आला आहे. या वादाची मांडणी बहुधा ‘घरचे विरुद्ध कारखान्याचे’ अशी केली जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते ही मांडणीच दिशाभूल करणारी आहे. पुनर्भरणी करणारा मनुष्य काडतूस बनवीत नसतो. तो केवळ पुंगळी वाचवीत असतो. पुंगळीचे मोल, ती वाचविण्यास लागणारे श्रम आणि त्या श्रमांस असलेली कायद्याची मान्यता या तीन गोष्टी तपासल्या, की निर्णय बव्हंशी आपोआप लागतो.

पुंगळीचे मोल

आधुनिक काडतुसाचे चार घटक असतात. मागील बाजूस आघाताने पेटणारे प्रायमर, मध्ये धूररहित दारू, टोकाशी गोळी अथवा छर्रे आणि या सर्वांना एकत्र धरणारी पुंगळी. चाप ओढल्यावर पहिले तीन घटक खर्ची पडतात. पुंगळी मात्र शिल्लक राहते. रायफलीच्या काडतुसात बहुधा हाच घटक सर्वांत महाग असतो. पुनर्भरणीचे सारे अर्थशास्त्र या एका वस्तुस्थितीवर उभे आहे.

तथापि प्रत्येक पुंगळी पुन्हा भरण्याजोगी नसते. छात्र सेनेच्या सरावात वापरले जाणारे .२२ बोअरचे काडतूस ‘रिमफायर’ प्रकारचे असते. त्यात प्रायमर निराळे नसते. स्फोटक मिश्रण पुंगळीच्या बुडाच्या पोकळ कडेतच भरलेले असते आणि आघातपिन ती कड चेपून ते पेटविते. एकदा चेपलेली कड पूर्ववत करून तीत नवे मिश्रण भरणे व्यवहारात शक्य नसते. तेव्हा चौकस विद्यार्थ्याला द्यावयाचे पहिले उत्तर हेच, की त्याच्या हातातील पुंगळी ही पुंगळी उरली नसून केवळ पितळेची मोड आहे. ऑलिम्पिकमधील ५० मीटर रायफल व २५ मीटर पिस्तूल या स्पर्धांत हेच काडतूस वापरतात. १० मीटरच्या स्पर्धा तर हवेच्या दाबावर चालणाऱ्या बंदुकांच्या असून त्यांत दारूच नसते. आपल्याकडील बहुसंख्य नेमबाजांपुरता हा प्रश्न येथेच संपतो.

तो उरतो ‘सेंटरफायर’ काडतुसांपुरता, म्हणजे ज्यांच्या बुडाच्या मध्यभागी स्वतंत्र प्रायमर असते त्यांच्यापुरता. त्यातही दोन पद्धती आहेत आणि दोहोंचा उगम १८६६ च्या सुमाराचा आहे. इंग्लंडमधील वुलिच येथील शाही प्रयोगशाळेचे एडवर्ड बॉक्सर यांच्या पद्धतीत प्रायमरची ऐरण प्रायमरमध्येच असते व पुंगळीच्या बुडाला मध्यभागी एकच छिद्र असते. अमेरिकेचे हायरम बर्डन यांच्या पद्धतीत ऐरण पुंगळीचाच भाग असते व छिद्रे बहुधा दोन असतात. बॉक्सर पद्धतीचे वापरलेले प्रायमर एका सळईने सहज ढकलून काढता येते. बर्डन पद्धतीत ते किचकट ठरते. गंमत अशी, की इंग्रज गृहस्थाची पद्धत अमेरिकेत रुजली आणि अमेरिकन गृहस्थाची युरोपात पसरली. अमेरिकेत घरगुती पुनर्भरणी फोफावली आणि अन्यत्र ती तितकीशी वाढली नाही, याचे एक साधे यांत्रिक कारण या अदलाबदलीत दडलेले आहे. १८८० च्या दशकात अमेरिकी सैन्य आपल्या दूरवरच्या ठाण्यांवर सरावाची काडतुसे स्वतःच पुन्हा भरीत असे, हेही येथे नमूद करावयास हवे.

पुंगळीचे आयुष्य अमर्याद नसते. गोळीबाराच्या क्षणी ती फुगून नळीच्या मागील खोबणीला घट्ट चिकटते, वायू मागे येऊ देत नाही आणि दाब ओसरताच किंचित आकसते. हे फुगणे-आकसणे आणि पुन्हा भरण्यापूर्वी साच्यात दाबून तिला मूळ आकार देणे, यांमुळे पितळ कठीण व ठिसूळ होत जाते. मानेला तडे जातात. कधी बुडाजवळ आतून पातळ झालेली भिंत ऐन वेळी फुटते.

या संदर्भात भारतातील एक जुनी हकीकत रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना परिचित असेल. ब्रिटिश फौजांनी पावसाळ्यात साठविलेल्या पितळी काडतुसांना, विशेषतः ती तबेल्यांच्या आसपास ठेवली असता, वापरण्यापूर्वीच तडे जात. ऋतूशी जोडलेला म्हणून या दोषाचे नाव ‘सीझन क्रॅकिंग’ पडले. घडणीच्या वेळी धातूत राहून गेलेला ताण, दमट हवा आणि जनावरांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया यांचा तो संयुक्त परिणाम होता, हे १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने स्पष्ट केले. उपाय म्हणून पुंगळ्या योग्य तापमानास तापवून त्यांतील ताण काढून टाकण्याची रीत रूढ झाली. कारखान्यात हे तापविणे नियंत्रित भट्टीत होते. घरी पुंगळी दाबून तिचा आकार बदलणारा मनुष्य मात्र नकळत तिच्यात पुन्हा ताणच भरीत असतो. पितळ वरून चकचकीत दिसते, त्यावरून आतली अवस्था कळत नाही.

खर्चाचा ताळेबंद

वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा येथील औद्योगिक वसाहतींमुळे ‘स्वतः बनवावे की बाहेरून घ्यावे’ हा प्रश्न आपल्या शहरातील वाणिज्य व व्यवस्थापनाच्या वर्गांना नवा नाही. सुटा भाग घरात तयार करावा की पुरवठादाराकडून घ्यावा याचा जो हिशेब तेथे होतो, तोच येथेही लागू पडतो. साधनांवरील एकवेळचा स्थिर खर्च, दर काडतुसामागे होणारी बचत आणि या दोहोंच्या भागाकारातून मिळणारा समतोल बिंदू, एवढेच त्याचे सूत्र आहे.

पुढील आकडे केवळ स्पष्टीकरणासाठी गृहीत धरले आहेत. ते बाजारभाव नव्हेत. परवानगी असलेल्या एखाद्या देशात पुनर्भरणीच्या साधनांस ४०,००० रुपये पडतात असे मानू. रायफलीचे तयार काडतूस १२० रुपयांस मिळते आणि पुंगळी वगळता उर्वरित घटकांस ६० रुपये लागतात. दर काडतुसामागे ६० रुपये वाचले तर सुमारे ६६७ काडतुसांनंतर साधनांचा खर्च निघतो. आता पिस्तुलाचे काडतूस घेऊ. ते मुळातच स्वस्त, समजा ४० रुपयांचे, आणि त्याचे घटक ३० रुपयांचे. बचत १० रुपये. समतोल बिंदू एकदम ४,००० काडतुसांवर जातो.

या हिशेबात वेळेची किंमत धरलेली नाही. तासाला ५० काडतुसे भरून होतात आणि भरणाऱ्याच्या तासाचे मोल ४०० रुपये आहे असे धरले, तर दर काडतुसावर ८ रुपये चढतात. रायफलीचा समतोल बिंदू त्यामुळे ७६९ वर सरकतो. फारसे बिघडत नाही. पिस्तुलाच्या बाबतीत मात्र बचत २ रुपयांवर येते आणि समतोल बिंदू २०,००० वर पोचतो. भरणारा मनुष्य प्राध्यापक असेल व आपल्या तासाचे मोल ६०० रुपये धरील, तर त्याला दर काडतुसामागे २ रुपये तोटाच होईल. अर्थात पुनर्भरणीचे हौशी पुरस्कर्ते यावर म्हणतात, की आमचा वेळ आनंदात जातो, त्याचे मोल कसले धरता? हे म्हणणे खोटे नाही. पण मग ती करमणूक झाली, काटकसर नव्हे. आणि करमणुकीचे समर्थन बचतीच्या आकड्यांनी करण्याचे कारण उरत नाही.

आणखी एक बाब या पुरस्कर्त्यांच्याच अनुभवातून पुढे येते. स्वस्तात भरता येऊ लागले की गोळ्या अधिक झाडल्या जातात. एकूण खर्च कमी न होता तेवढ्याच पैशात सराव वाढतो. खेळाडूच्या दृष्टीने हा लाभच आहे. मात्र घरखर्चाच्या वहीत तो बचत म्हणून दिसत नाही.

स्वावलंबनाचा दावाही असाच तपासून पाहावा लागतो. अमेरिकेत २००८-०९, २०१२-१३ आणि पुन्हा २०२०-२१ या काळांत बाजारातून काडतुसे दिसेनाशी झाली. त्या वेळी घरी भरणारे निश्चिंत असावयास हवे होते. प्रत्यक्षात प्रायमर आणि दारू यांचाही दुष्काळ पडला, कारण या वस्तू त्याच मोजक्या कारखान्यांतून येतात आणि कारखाने आपले प्रायमर प्रथम आपल्या तयार काडतुसांसाठी वापरतात. ज्याच्या फडताळात आधीचा साठा होता तो तरला. स्वावलंबन म्हणून ज्याचा गौरव होतो, ते पुष्कळदा साठवणच असते.

एकसारखेपणाची किंमत

खर्चाखेरीज दुसरे कारण अचूकतेचे सांगितले जाते आणि ते अधिक भक्कम आहे. प्रत्येक नळीची स्वतःची एक प्रकृती असते. विशिष्ट वजनाची गोळी व विशिष्ट भरण एका नळीतून नेमके जाते, तर शेजारच्या तशाच दिसणाऱ्या नळीतून जात नाही. कारखाना सर्वांसाठी एकच काडतूस बनवितो; घरी भरणारा आपल्या एका बंदुकीसाठी बनवितो. ३०० मीटर किंवा त्याहून लांबच्या सेंटरफायर स्पर्धांत म्हणूनच जाणकार खेळाडू जगभर स्वतः भरलेली काडतुसे वापरताना दिसतात. येथे पुनर्भरणीचा पक्ष मान्य करावयास हवा.

परंतु .२२ चा नेमबाज, ज्याला भरण बदलताच येत नाही, तो काय करतो हे पाहणे उद्बोधक आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकात ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळविले, तो प्रकार याच काडतुसाचा. या दर्जाच्या स्पर्धेत निर्णय दशांश गुणांनी होतात. अशा खेळाडूंसाठी बर्मिंगहॅम येथील एली आणि जर्मनीतील शोनेबेक येथील लापुआ या कंपन्यांनी चाचणीची सोय ठेवलेली आहे. खेळाडूची रायफल शिकंजात पक्की बसवून निरनिराळ्या उत्पादन-तुकड्यांतील काडतुसे झाडली जातात आणि ज्या तुकडीच्या गोळ्या सर्वांत लहान वर्तुळात पडतात ती तुकडी खेळाडू विकत घेतो. एकाच यंत्रावर, एकाच कृतीने बनलेल्या दोन तुकड्यांत फरक पडतो, हे कारखान्याने मान्य केलेले आहे. घरी बनविण्याऐवजी निवडून घेणे, हा या प्रश्नावरचा तिसरा मार्ग होय. पुनर्भरणीच्या चर्चेत त्याचा उल्लेख क्वचितच होतो. आपल्याकडील होतकरू नेमबाजांची खरी अडचण पुंगळ्या पुन्हा भरता न येणे ही नसून चांगल्या तुकडीची पुरेशी काडतुसे वेळेवर व परवडणाऱ्या दरात मिळणे ही आहे.

काडतुसावरील विश्वास

काडतूस कोणी बनविले हा प्रश्न भारतात एकदा पैशाचा वा अचूकतेचा न राहता श्रद्धेचा झाला होता. जानेवारी १८५७ मध्ये डमडम येथे बनणाऱ्या नव्या काडतुसांच्या चरबीविषयी शिपायांत संशय पसरला, तेव्हा वंगण शिपायांनी स्वतः लावावे अशी मुभा सरकारने दिली. तिचा उपयोग झाला नाही. मुभा देण्याचा अर्थच असा घेतला गेला, की आधीचा संशय खरा होता. तत्कालीन औरंगाबादेत त्याच वर्षी जून महिन्यात हैदराबाद कंटिन्जंटच्या पहिल्या घोडदळाने उठाव केला. तेथील असंतोषामागे आपणास दिल्लीवर चालून जावे लागेल ही भीती प्रमुख होती. क्रांती चौकातील काळा चबुतरा त्या उठावाच्या आठवणीशी जोडलेला आहे. ज्या वस्तूची घडण वापरणाऱ्याला दिसत नाही तिच्यावर त्याने विश्वास का ठेवावा, हा प्रश्न तेव्हापासून कारखान्याच्या प्रत्येक काडतुसाला चिकटलेला आहे. त्याचे उत्तर तपासणीच्या व्यवस्थेतून द्यावे लागते.

महाराष्ट्रात ती व्यवस्था जुनी आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, म्हणजे बॉक्सर-बर्डन यांच्या शोधांनंतर अवघ्या तीन वर्षांचा. जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा कारखाना १९६४ पासून लहान शस्त्रांची काडतुसे बनवितो. १९५६ च्या औद्योगिक धोरण ठरावाने शस्त्रे व दारूगोळा हे क्षेत्र शासनासाठी राखले गेले. २००१ मध्ये ते खाजगी उद्योगांस खुले झाले. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळाचे विभाजन होऊन खडकी, वरणगाव आदी कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेले.

कारखाना म्हणजे निर्धोकता, असे मात्र समजू नये. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरजवळील बाजारगाव येथे आणि जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत झालेल्या स्फोटांत कामगारांचे प्राण गेले. जेथे इमारती दूर-दूर बांधलेल्या असतात, मातीचे बांध असतात आणि प्रशिक्षित माणसे असतात, तेथे ही अवस्था. मग स्वयंपाकघराच्या शेजारच्या खोलीची काय कथा? पुनर्भरणीत दारूची किंचित अधिक मात्रा किंवा चुकून दोनदा पडलेले भरण नळी फोडू शकते. फार कमी भरणही घातक ठरते. अशा वेळी गोळी नळीतच अडकते आणि तिच्यामागून पुढची झाडली जाते. बचत काही रुपयांची असते. पणाला बोटे आणि डोळे लागलेले असतात.

कायद्याची चौकट

भारतापुरता या विषयाचा निकाल शेवटी कायदाच लावतो. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३ खालील परवाना शस्त्र व दारूगोळा बाळगण्याचा आहे. निर्मितीसाठी कलम ५ खालील वेगळा परवाना लागतो. बंदुकीचा परवाना हाती असला की काडतूस घरी भरण्याचा अधिकारही आपोआप मिळतो, हा समज म्हणूनच चुकीचा आहे. शिवाय ‘दारूगोळा’ या संज्ञेच्या व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनविण्याची यंत्रसामग्रीही येते. परदेशात हौशी माणूस दुकानातून उचलून आणतो ते साधन येथे स्वतःच आक्षेपार्ह ठरू शकते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीस किमान सात वर्षे कारावास असून तो जन्मठेपेपर्यंत वाढू शकतो. ही शिक्षा चौकसपणा आणि गुन्हेगारी यांत फरक करीत बसत नाही. विद्यार्थ्यांच्या कानी ही गोष्ट घालणे हे आपणा अध्यापकांचे काम आहे, कारण परदेशातील सुरस चित्रफितींत ती सांगितलेली नसते.

खेळाडूंना कायद्याने वेगळी वाट ठेवली आहे. मान्यताप्राप्त नेमबाजांस अधिक काडतुसे बाळगता येतात. २०२० मध्ये केंद्र शासनाने त्यांची मर्यादा आणखी वाढविली. शिकाऱ्यांचा वर्ग मात्र उरलेला नाही. संस्थानी व वसाहतकाळात पितळी पुंगळ्यांची १२ बोअरची काडतुसे हाताने भरणारे शिकारी होते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ ने शिकारच बंद केली आणि त्या कसबाची मागणीही तिच्याबरोबर गेली.

ठासणीची बंदूक

तरीही महाराष्ट्रात एक माणूस आजही कायदेशीरपणे आपल्या बंदुकीचा बार स्वतः भरतो, तो म्हणजे कोकणातील शेतकरी. १९५९ च्या अधिनियमाच्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. सिंधुदुर्ग व रत्नागिरी जिल्ह्यांत असे परवानाधारक मोठ्या संख्येने आढळतात. या बंदुकीला काडतूस नसते. परवान्यावर घेतलेली दारू आणि छर्रे नळीच्या तोंडातून गजाने ठासावयाचे आणि मागे केप चढवावयाची, अशी तिची रीत. पुंगळी नाही, म्हणून पुंगळी वाचविण्याचा प्रश्नही नाही. दर बाराचा खर्च तयार काडतुसाहून कमी येतो आणि दशकानुदशके जुनी बंदूक एका पिढीकडून दुसरीकडे जाते.

या स्वस्ताईची किंमत तो अन्य मार्गाने चुकवितो. पावसाळी हवेत दारू ओल धरते आणि ऐन वेळी बार फुसका जातो. दुसरा बार भरण्यास लागणाऱ्या वेळात वानरांचा कळप दुसऱ्या कलमावर गेलेला असतो. न उडालेला बार नळीतून काढणे जिकिरीचे असते, म्हणून भरलेली बंदूक तशीच घरात ठेवली जाते आणि त्यातून अपघात होतात. धातूच्या बंद पुंगळीने नेमके हेच दोष दूर केले होते. खडकीचे १२ बोअरचे काडतूस महाग पडते ते या कोरडेपणाचे आणि चटकन भरता-काढता येण्याचे.

असे असूनही तो शेतकरी ठासणीची बंदूक सोडीत नाही, कारण त्याला वर्षाकाठी थोडेच बार उडवावयाचे असतात आणि त्यांतले बरेचसे केवळ आवाजासाठी असतात. रानडुकरावर गोळी झाडावयाची तर वन विभागाची परवानगी लागते. वानरांना पळविण्यास आवाज पुरतो. निवडणुका जाहीर झाल्या की परवान्याची बंदूक पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेश येतो, आणि तो भात पोटरीला आलेल्या किंवा आंबा धरलेल्या दिवसांत आला तर काडतूस घरचे की कारखान्याचे हा भेदच उरत नाही. तेव्हा शेताच्या बांधावर डबा वाजवीत रात्र काढावी लागते.